समपृष्ठरज्जू संघ: प्रौढ हर्डमानियात पृष्ठरज्जूच नाही, मग तो आपल्या संघात कसा?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. दहावीच्या विज्ञान भाग २ मधल्या प्राण्यांच्या वर्गीकरणाबद्दल विचारायचं आहे. समपृष्ठरज्जू प्राण्यांची लक्षणं सरळ आहेत: शरीराला आधार देणारा पृष्ठरज्जू, कल्लाविदरे (घशाच्या भिंतीतल्या आरपार फटी), पाठीच्या बाजूला एकच पोकळ चेतारज्जू, हृदय पोटाच्या बाजूला. मुलं हे पाठ करतात. अडतं ते उदाहरणांपाशी.

पृष्ठरज्जू, चेतारज्जू, मेरुरज्जू आणि पाठीचा कणा हे चार शब्द मुलं एकमेकांच्या जागी वापरतात. ‘आपल्याला पृष्ठरज्जू आहे का?’ असं विचारलं की निम्मा वर्ग हो म्हणतो, निम्मा नाही. हर्डमानिया हा समुद्री प्राणी तर खडकाला चिकटलेली पिशवी दिसते, तिला ना कणा ना शेपूट. उलट बॅलॅनोग्लॉसस या समुद्रातल्या कृमीसारख्या प्राण्याला कल्लाविदरे असूनही तो संघाबाहेर. ही तिन्ही कोडी मुलांना पटेल अशी कशी सोडवायची?

शिवाय प्रयोगशाळेत ॲम्फिऑक्ससच्या (माशासारखा दिसणारा लहान समुद्री प्राणी) आडव्या छेदाची एक कायमस्वरूपी स्लाइड आहे, बाकी काही नाही. वर्गात प्रत्यक्ष दाखवता येईल असं, सहज मिळणारं काय वापरावं?

गर्भरेषा

आधी शब्द निस्तरू, कारण बहुतेक घोळ तिथेच आहे. पृष्ठरज्जू ही आधाराची दांडी आहे. चेतारज्जू ही संदेश वाहणारी पोकळ नळी आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांत या नळीचं पुढचं टोक फुगून मेंदू होतो आणि उरलेल्या भागाला मेरुरज्जू म्हणतात. कणा म्हणजे मणक्यांची माळ, आणि ती फक्त पृष्ठवंशीयांत असते. फळ्यावर पाठीकडून पोटाकडे असा क्रम लिहा: चेतारज्जू, त्याखाली पृष्ठरज्जू, त्याखाली अन्नमार्ग, सगळ्यात खाली हृदय. हा क्रम एकदा डोक्यात बसला की शब्दांची अदलाबदल थांबते.

पृष्ठरज्जूत हाड किंवा कूर्चा नसते. द्रवाने भरलेल्या मोठ्या पेशी आणि त्यांच्याभोवती घट्ट आवरण, एवढीच त्याची रचना. पाणी भरून तट्ट केलेल्या बागेच्या नळीसारखा तो वाकतो, पण आखूड होत नाही. हे ‘आखूड होत नाही’ मुलांना नक्की समजावून सांगा. एका बाजूचे स्नायू आकसले की शरीर खरं तर लांबीने कमी व्हायला हवं, पण मधली दांडी ते होऊ देत नाही, म्हणून शरीर त्या बाजूला वळतं. मग दुसरी बाजू आकसते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं वळत प्राणी पोहतो. शेपटीत गुदद्वाराच्या मागे अन्नमार्ग नसतो, फक्त स्नायू आणि दांडी असते, म्हणून तिथे ही युक्ती सर्वात चांगली चालते.

आता तुमच्या वर्गाचा हो-नाहीचा प्रश्न. माणसाच्या गर्भात तिसऱ्या आठवड्यात पृष्ठरज्जू तयार होतो. त्याच्याकडून निघणाऱ्या रासायनिक संकेतांमुळे वरचा थर जाड होतो, दुमडतो आणि त्याची नळी बनते. तोच चेतारज्जू. ही नळी साधारण २८व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना बंद होते. मागचं टोक बंद व्हायचं राहिलं तर स्पायना बिफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष होतो. रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते याच कारणाने: दिवस गेल्याचं कळेपर्यंत नळी मिटायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. पुढे पृष्ठरज्जूभोवती मणके घडतात आणि त्यांच्या जागी तो दाबला जाऊन नाहीसा होतो. दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गर मात्र त्याच्यापासूनच घडतो. ‘स्लिप डिस्क’मध्ये बाहेर सरकतो तो हाच गर. तेव्हा उत्तर असं: गर्भात पूर्ण पृष्ठरज्जू होता, मोठेपणी त्याची खूण चकतीत राहिली. दोन्ही निम्मे वर्ग थोडे थोडे बरोबर आहेत.

हर्डमानियाचंही हेच, फक्त जास्त टोकाला गेलेलं. त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी दिसते. शेपटीत पृष्ठरज्जू, त्याच्या वर पोकळ चेतारज्जू, दोन्ही बाजूंना स्नायूंच्या पट्ट्या. त्याच्या नात्यातल्या सायोनाच्या अळीत पृष्ठरज्जूच्या पेशी मोजून ४० असतात. ही अळी काही खात नाही, काही तास ते फार तर काही दिवस पोहते, डोक्याकडच्या चिकट उंचवट्यांनी खडकाला किंवा शिंपल्याला चिकटते आणि शेपूट शरीरात ओढून जिरवून टाकते. पृष्ठरज्जू तिथेच संपतो. चेतारज्जूची दोन नळीदार तोंडांच्या मधली एक छोटी गाठ उरते. कल्लाविदरे मात्र राहतात आणि प्रचंड वाढतात, कारण प्रौढ हर्डमानियाचं सगळं पोट पाणी गाळण्यावर चालतं. म्हणजे पृष्ठरज्जू, चेतारज्जू आणि कल्लाविदरे या तीनपैकी प्रौढात एक लक्षण ठळक आहे, बाकीची दोन अळीत बघायची.

हर्डमानियाच्या उपसंघाला पुच्छसमपृष्ठरज्जू म्हणतात. ‘पुच्छसमपृष्ठरज्जू प्राण्यांत पृष्ठरज्जू फक्त अळीत असतो’ हे वाक्य सरसकट सांगू नका. याच उपसंघातला ऑइकोप्लुरा आयुष्यभर शेपूट आणि तिच्यातला पृष्ठरज्जू ठेवतो. ‘फक्त शेपटीत असतो, आणि बहुतेकांत फक्त अळीत’ असं म्हटलं की वाक्य खरं होतं.

इतिहास सांगायचा असेल तर तोही इथे कामाचा आहे. हर्डमानियाचे भाईबंद एकेकाळी मऊ अंगामुळे शंख-शिंपल्यांच्या गटात धरले जात. रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी १८६६ साली त्यांच्या अळीची वाढ टप्प्याटप्प्याने तपासली आणि पृष्ठरज्जू दाखवला. डार्विन यांनी १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीबद्दल लिहिताना या शोधाचा आधार घेतला. ॲम्फिऑक्ससची गंमतही तशीच: १७७४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ पॅलास यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं ते गोगलगाय म्हणून. फक्त प्रौढ रूप पाहिलं की चांगल्या चांगल्या निरीक्षकांचीही फसगत होते, हे मुलांना या दोन उदाहरणांवरून छान कळतं.

रापणकर

गर्भरेषा यांनी पाठ घेतलाच आहे, मी प्रात्यक्षिकाचं लिहितो. ताजी सुरमई, एक अखंड बांगडा आणि दोन-चार मोठ्या कोळंब्या एवढ्यात काम होतं. फॉर्मॅलिन नको, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

सुरमईच्या दोन तुकड्या घ्या, एक पोटाकडची, एक शेपटीकडची. तुकडीच्या मधोमध काट्याचा गोल दिसतो, तो मणक्याचा मुख्य भाग. त्याच्या वर लहान कमान आणि कमानीत पांढरा मऊ दोरा. तो मेरुरज्जू. टाचणीने हळूच ओढला तर बाहेर येतो. शेपटीकडच्या तुकडीत गोलाच्या खालीही तशीच कमान असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचे काळपट ठिपके. पोटाकडच्या तुकडीत खाली बंद कमान नसते, फासळ्या फाकलेल्या असतात आणि मध्ये पोटाची पोकळी. काट्याला खालून चिकटलेला जो गडद लाल पट्टा धुताना खरवडून काढतात, तो साकळलेलं रक्त नसून मूत्रपिंड आहे. मुलं विचारतातच, म्हणून सांगून ठेवतो.

पृष्ठरज्जू बघायचा तर तुकडीच्या कापलेल्या तोंडावर तो सहसा मिळत नाही, आणि इथेच बरेच जण निराश होतात. माशाचा मणका डमरूसारखा असतो, दोन्ही टोकांना खोलगट आणि मध्ये चिंचोळा. सुरी मणक्याच्या मधून गेली तर चिंचोळा भाग कापला जातो आणि तिथे पृष्ठरज्जूला जागाच नसते. दोन मणक्यांच्या सांध्यात सुरीचं टोक घालून त्यांना वेगळं करा. समोरासमोर आलेल्या दोन वाट्यांत पारदर्शक, चिकट गर दिसेल. हा पृष्ठरज्जूचा उरलेला भाग. हे कच्च्या माशावरच करा, उकळल्यावर तो गर ओळखू येत नाही. उरलेला काटा नंतर १० मिनिटं उकळून, ब्रशने साफ करून, सावलीत वाळवा. मणके सुटे होतात आणि पुढच्या वर्गांना वर्षानुवर्षं दाखवता येतात.

बांगड्यावर बाकीची लक्षणं. कल्ल्याचं झाकण उचला, प्रत्येक बाजूला लाल पिसाऱ्याच्या चार कमानी दिसतील. तोंडातून पेनाची रिकामी रिफील घाला आणि दोन कमानींच्या मधून बाहेर काढा. रिफील ज्या फटीतून आली ते कल्लाविदर, फटीच्या कडेचा लाल पिसारा तो कल्ला. परीक्षेत हे दोन्ही एकच समजून गुण जातात. घशाच्या भिंतीला आरपार भोक आहे, हे रिफील बाहेर आली की सांगावं लागत नाही. मुशी मिळाली तर फार उत्तम, तिच्या फटींवर झाकण नसतं, त्यामुळे बहुतेक जातींत प्रत्येक बाजूच्या पाच फटी बाहेरूनच मोजता येतात. बांगड्याचं हृदय कल्ल्यांच्या मागे, घशाखाली, पोटाच्या बाजूला सापडतं. लहान, गडद तांबडं, तिकोनी. शेवटी माशाचं गुदद्वार शोधा, खालच्या मागच्या पराच्या अगदी पुढे असतं. तिथून मागे पट्टीने मोजा. एवढी लांबी म्हणजे गुदद्वारापलीकडची शेपटी. आत आतडं नाही, नुसतं मांस आणि काटा.

आता कोळंबी शेजारी ठेवा. पाठीतून जो काळा दोरा काढून टाकतो ते तिचं आतडं. पोटाच्या बाजूला, पोहण्याच्या पायांच्या मधोमध, पातळ पापुद्रा सोलला की बारीक पांढरा चेतारज्जू दिसतो. भिंग घ्या. तिचं हृदय पाठीकडे, डोक्याच्या कवचाखाली. म्हणजे बांगड्यात जे वर ते कोळंबीत खाली, आणि जे खाली ते वर. एका ताटात दोन्ही ठेवले की ‘असमपृष्ठरज्जू’ हा शब्द मुलांना पहिल्यांदा खरा अर्थ देतो.

काचपट्टी

तुमच्याकडच्या स्लाइडबद्दल. ॲम्फिऑक्ससचा ग्रसनीतून (घशातून) घेतलेला आडवा छेद असेल, तर आधी १०एक्स वस्तुभिंगाखाली वर-खाली ठरवा. वरच्या बाजूला पराची एकच पेटी, खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दुमडी. चेतारज्जू वर, लहान, जवळपास त्रिकोणी, मध्ये बारीक उभी चीर. त्याच्यात काळे ठिपके दिसतील, ती प्रकाश ओळखणारी साधी नेत्रकं. त्याखालचा मोठा अंडाकृती भाग पृष्ठरज्जू. हमखास होणारी चूक म्हणजे मोठा आहे म्हणून त्यालाच चेतारज्जू म्हणणं. आकारावर जाऊ नका, मधली चीर शोधा.

खाली ग्रसनीभोवती कल्लापट्ट्यांचे बरेच तुकडे ओळीने दिसतात. मुलं विचारतात, एकाच छेदात इतक्या फटी कशा? पट्ट्या तिरप्या असतात, म्हणून एक आडवा काप अनेक पट्ट्यांतून जातो. ग्रसनीच्या तळाशी जी खाच आहे ती एंडोस्टाइल, तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ग्रसनीच्या शेजारी एका बाजूला यकृतासारखी पिशवी दिसते. ती प्राण्याच्या उजव्या अंगाला असते, तेव्हा डावं-उजवं तिच्यावरून ठरवा.

आणि एक: ॲम्फिऑक्ससचा पृष्ठरज्जू चेतारज्जूच्याही पुढे, थेट नाकाडापर्यंत जातो. त्याच्या उपसंघाचं ‘शीर्षसमपृष्ठरज्जू’ हे नाव त्यावरून आलं. वाळूत डोकं खुपसून शिरणाऱ्या प्राण्याला पुढचं टोक ताठ लागतं.

शेवाळ

सगळं छान. वर्गात हेही सांगा ना, की माणसाच्या गर्भाला चौथ्या आठवड्यात माशासारखे कल्ले असतात आणि नंतर ते जातात. मुलांच्या लगेच लक्षात राहतं.

गर्भरेषा

शेवाळ, हे वाक्य कृपया वापरू नका, कारण ते चूक आहे आणि नंतर खोडायला फार जड जातं. मानवी गर्भाला कल्ले कधीच नसतात. घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी तयार होतात, त्यांच्या मध्ये बाहेरून खाचा आणि आतून कप्पे. खाच आणि कप्पा यांच्यामध्ये पातळ पडदा राहतो, आरपार फट पडत नाही, आणि श्वसनाशी त्यांचा संबंधही नसतो. माशाच्या गर्भातही सुरुवातीला याच कमानी असतात. पुढे माशात त्यांचे कल्ले होतात, आपल्यात दुसरं काही.

ते दुसरं काही सांगा, ते तितकंच लक्षात राहतं. पहिल्या कमानीपासून जबडा आणि कानातली हातोडा व ऐरण ही दोन हाडं. पहिल्या कप्प्यापासून मध्यकर्ण आणि घशाकडे जाणारी नळी. दुसऱ्या कप्प्यापासून टॉन्सिल. तिसऱ्यापासून थायमस आणि खालच्या परावटू ग्रंथी, चौथ्यापासून वरच्या. सर्दीत जिच्यामुळे कानाला दडे बसतात ती नळी म्हणजे पहिल्या कप्प्याचीच शिल्लक.

खडू_फळा

सर्वांचे मनापासून आभार. रिफीलचा प्रयोग आणि डमरू याच आठवड्यात करते. दोन गोष्टी राहिल्या. बॅलॅनोग्लॉससचं काय? आणि काही पुस्तकं तीन लक्षणं देतात, काही चार, काही पाच. मुलांना नेमकी किती सांगू?

काचपट्टी

लक्षणांच्या संख्येचं आधी. पृष्ठरज्जू, पोकळ चेतारज्जू आणि कल्लाविदरे ही जुनी तीन. गुदद्वारापलीकडची शेपटी धरली की चार. पाचवं म्हणजे वर सांगितलेली एंडोस्टाइल. ती चिकट द्रव तयार करते, त्यात अन्नाचे कण अडकतात, आणि ती आयोडीन धरून ठेवते. लॅम्प्री या चक्रमुखी प्राण्याच्या अळीत एंडोस्टाइल असते आणि रूपांतरण होताना तिचीच अवटू ग्रंथी (थायरॉइड) बनते. एकाच प्राण्याच्या आयुष्यात एक अवयव दुसरा होताना दिसतो, इतका स्वच्छ पुरावा फार कमी ठिकाणी मिळतो. म्हणून पाच म्हणणारी पुस्तकं ‘एंडोस्टाइल किंवा अवटू ग्रंथी’ असं लिहितात. परीक्षेला पुस्तकातली, समजायला पाचही.

बॅलॅनोग्लॉससच्या सोंडेत तोंडाच्या छताकडून पुढे गेलेला एक आखूड फुगवटा असतो. विल्यम बेटसन यांनी १८८०च्या दशकात तो पृष्ठरज्जूच आहे असं मानलं आणि त्यावरून ‘अर्धसमपृष्ठरज्जू’ हे नाव पडलं. पण तो फुगवटा शेपटीकडे जात नाही, स्नायूंना आधार देत नाही, आणि पृष्ठरज्जू घडवताना अत्यावश्यक असलेलं ब्रॅक्युरी हे जनुक तिथे काम करताना आढळलं नाही. कल्लाविदरे मात्र खरी आहेत, आपल्यासारखीच. मग निष्कर्ष असा निघतो की कल्लाविदरे समपृष्ठरज्जू संघापेक्षा जुनी आहेत, दोन्ही गटांच्या सामाईक पूर्वजात आधीच होती. एकट्या कल्लाविदरांवरून कुणाला संघात घेता येत नाही ते यासाठी. बॅलॅनोग्लॉससचं जवळचं नातं तारामाशाच्या गटाशी आहे. त्याची टॉर्नेरिया अळी पहिल्यांदा सापडली तेव्हा तिला तारामाशाचीच अळी समजले होते, इतकं साम्य आहे.

तक्ता करताना एक काळजी घ्या. पुच्छ-, शीर्ष-, मग पृष्ठवंशीय, हा क्रम शिडीसारखा काढू नका. दिसायला ॲम्फिऑक्सस माशाच्या जवळचा वाटतो, पण २००६ मध्ये अनेक जनुकांची तुलना झाली तेव्हा हर्डमानियाचा गट पृष्ठवंशीयांना अधिक जवळचा निघाला, आणि पुढच्या कामातही ते टिकलं. फांद्यांचं चित्र काढा: आधी ॲम्फिऑक्ससची फांदी सुटते, मग उरलेल्या फांदीला हर्डमानिया आणि आपण असे दोन फाटे. दहावीचे तीन उपसंघ या चित्रातही तसेच राहतात, फक्त पायऱ्या जातात.

रापणकर

उजळणीसाठी एक प्रश्न सुचवतो: गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा. तिन्ही मातीत, तिन्ही लांबट, तिन्ही बिनपायांचे. पहिला वलयी, दुसरा उभयचर, तिसरा साप. देवगांडूळ सह्याद्रीत पावसाळ्यात दिसतो, वाळा तर कुंडीतही सापडतो. कुणालाही न कापता ओळखायचं. गांडुळाला जबडा नाही आणि गुदद्वार थेट शेवटच्या टोकाला. वाळ्याचं अंग चकचकीत खवल्यांचं, जीभ आत-बाहेर होते, आणि गुदद्वारामागे टोकाला बारीक काटा असलेली आखूड शेपटी. देवगांडुळाला ओली कातडी, वळ्या आणि दात असलेला जबडा. शेपटी काही जातींत अगदी आखूड, काहींत नाहीच, म्हणून ‘शेपटी नाही’ एवढ्यावरून त्याला गांडुळाच्या रकान्यात टाकणाऱ्या उत्तराला गुण देऊ नका.